साने गुरुजी : लेखकाचे शब्द आणि त्यांची मालकी

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :
• साने गुरुजींच्या लेखनजीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• कल्पना आणि तिची शब्दरूप अभिव्यक्ती यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• प्रताधिकार कायद्याचा हेतू आणि त्याच्या मर्यादा विशद करता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील एखाद्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन तुम्ही आज ‘श्यामची आई’ मागितलेत, तर कोणत्या प्रकाशनाची प्रत हवी, असा प्रश्न विक्रेता तुम्हांला विचारील. तुमच्या आईवडिलांच्या पिढीला हा प्रश्न कोणी विचारला नसता. त्यांच्या काळात ‘श्यामची आई’ म्हणजे पुणे विद्यार्थी गृहाने काढलेली प्रत, हे ठरलेलेच होते. १ जानेवारी २०११ या दिवशी ही स्थिती पालटली. त्या दिवशी कोणताही समारंभ झाला नाही आणि पुस्तकातील एक अक्षरही बदलले नाही. तरीही त्या दिवसापासून ते पुस्तक छापण्यास कोणाचीही परवानगी घेण्याची आवश्यकता उरली नाही.

असे का घडले? मुळात ते पुस्तक कोणाचे होते? ज्याने लिहिले त्याचे, ज्या आईविषयी लिहिले तिचे, ज्यांनी छापले त्यांचे की वाचणाऱ्यांचे? साने गुरुजींचे चरित्र आपण एरवी त्याग, करुणा आणि देशसेवा या अंगांनी वाचतो. या घटकात तेच चरित्र आपण लेखनाच्या मालकीच्या अंगाने वाचणार आहोत. कायद्याला पडलेले बहुतेक सर्व प्रश्न या एका लेखकाच्या आयुष्यात आपल्याला भेटतात.

४.३ जडणघडण : एकाच प्रतीचे लेखन

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे होते. परंतु त्यांच्या बालपणीच वैभव ओसरले आणि दारिद्र्य आले. दापोली, औंध आणि पुणे असा त्यांचा विद्यार्थिदशेतील प्रवास झाला. पुण्यात ते नूतन मराठी विद्यालयात आणि पुढे न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकले. शिक्षणासाठी घरापासून दूर असतानाच १९१७ मध्ये त्यांची आई यशोदाबाई निवर्तली. अखेरच्या क्षणी आपण तिच्याजवळ नव्हतो, हे शल्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही.

तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम.ए. झाले आणि १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वहस्ते एक दैनिक लिहीत असत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले.

या दोन उपक्रमांतील फरक ध्यानात घ्या. हस्तलिखित दैनिकाची प्रत एकच असते. ती मुलांनी वाचली की तिचे कार्य संपते. तिच्या मालकीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मासिक छापले जाते, त्याच्या अनेक प्रती निघतात आणि त्या विकल्या जातात. प्रती काढणे जेथे सोपे होते, तेथे त्या कोणी काढाव्यात हा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच प्रताधिकार, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात कॉपीराइट म्हणतो तो हक्क, हे मुद्रणयुगाचे अपत्य आहे. इंग्लंडमध्ये १७१० साली अमलात आलेल्या पहिल्या कायद्याच्या नावातच विद्येला उत्तेजन देण्याचा हेतू नमूद केलेला होता. नव्या पुस्तकावर लेखकाला १४ वर्षांचा हक्क मिळे. तो हयात असल्यास आणखी १४ वर्षे. लेखकाला काही काळ मोबदला मिळावा, म्हणजे तो लिहील. आणि तो काळ संपला की त्याचे लेखन सर्वांचे व्हावे, असा तो सौदा होता. भारतात या विषयावरील पहिला कायदा १८४७ मध्ये झाला. गुरुजी लिहू लागले तेव्हा १९१४ चा कायदा लागू होता.

मुद्रणापूर्वी आपल्याकडे कर्तृत्वाची जाणीव नव्हती, असे मात्र समजू नका. अभंगाच्या शेवटी येणारी संतकवीची नाममुद्रा तुमच्या परिचयाची आहे. ती रचना कोणाची, हे ती मुद्रा सांगते. परंतु ती गाण्यास, लिहून घेण्यास किंवा दुसऱ्याला शिकविण्यास मनाई करीत नाही. कर्तृत्व सांगणे आणि मालकी सांगणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हा भेद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

४.४ धुळ्याचा तुरुंग : बोलणारा आणि लिहिणारा

१९३० मध्ये गुरुजींनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. त्यानंतरच्या आयुष्यात त्यांना अनेकदा कारावास घडला. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तेथेच होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर मराठीतून प्रवचन केले. अठरा अध्यायांची अठरा प्रवचने झाली. ती गुरुजींनी लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्याला उपलब्ध आहे तो त्या लेखणीमुळे.

आता भाषेचे विद्यार्थी म्हणून विचार करा. बोलण्याचा वेग हाताच्या वेगापेक्षा नेहमीच अधिक असतो. बोलण्यात पुनरुक्ती असते, अर्धी राहिलेली वाक्ये असतात, हातवारे आणि विराम असतात. हे सारे कागदावर उतरत नाही. ऐकलेले वाक्य लिहिताना लेखनिकाला विरामचिन्हे द्यावी लागतात, परिच्छेद पाडावे लागतात. म्हणजे त्याचे काही ना काही कर्तृत्व त्यात असतेच. मग असा ग्रंथ कोणाचा मानावा?

हाच प्रश्न १९०० साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे आला होता. लॉर्ड रोझबरी यांची भाषणे ‘टाइम्स’ या वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी टिपून घेतली होती. दुसऱ्या एका प्रकाशकाने ती वृत्तपत्रातून उचलून पुस्तकरूपाने छापली. भाषण टिपण्यासाठी लागणारे श्रम आणि कौशल्य विचारात घेऊन, त्या वृत्तांताचे लेखक वार्ताहरच आहेत, असा निर्णय न्यायपीठाने दिला. भारतीय कायद्यात १९८३ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने जाहीर भाषणाचा प्रथम हक्क भाषण करणाऱ्याचा, हे स्पष्ट केले.

धुळ्याच्या तुरुंगात हा वाद उपस्थित झाला नाही. ग्रंथ विनोबांच्या नावाने प्रसिद्ध झाला आणि आपण केवळ लेखनिक आहोत, ही भूमिका गुरुजींनी सहज स्वीकारली. त्या ग्रंथाची पुढे अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली. मराठी वाचक मात्र त्या ग्रंथासोबत गुरुजींचे नाव कृतज्ञतेने घेतो. मालकी एकाची असली, तरी श्रेय दोघांना देता येते, हे येथे दिसते.

४.५ नाशिकचा तुरुंग : आई सर्वांची, शब्द एकाचे

पुढे गुरुजींना नाशिकच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत ती बहुतांशी लिहून झाली. सोळा वर्षे मनात साठलेले पाच दिवसांत कागदावर आले. श्याम रोज रात्री आश्रमातील सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे.

या पुस्तकात नवीन काय होते? आईचे प्रेम हा विषय नवीन नव्हता. गरिबी, सावकारी, भावंडांचे रुसवे-फुगवे, देवाधर्माचे आचार हे तत्कालीन कोकणातील कितीतरी घरांत होते. रात्री गोष्ट सांगण्याची पद्धत तर फारच जुनी आहे. श्यामच्या आईच्या तोंडी जी मराठी आहे, ती तिच्या पिढीतील असंख्य स्त्रियांच्या तोंडची मराठी आहे. भाषेतील शब्द, म्हणी आणि वाक्प्रचार यांवर कोणा एकाची मालकी असू शकत नाही. तशी असती, तर आपल्याला बोलणेच अशक्य झाले असते.

तरीही ‘श्यामची आई’ दुसऱ्या कोणी लिहिली नाही. सर्वांच्या मालकीच्या भाषेतून गुरुजींनी विशिष्ट शब्द निवडले, विशिष्ट प्रसंग विशिष्ट क्रमाने मांडले. ही निवड आणि ही मांडणी त्यांची होती. कायदा जिचे रक्षण करतो ती हीच गोष्ट. तो कल्पनेला कुंपण घालीत नाही. त्या कल्पनेला लेखकाने दिलेल्या रूपाला संरक्षण देतो. उद्या तुम्ही तुमच्या आईच्या आठवणी रात्रींच्या क्रमाने लिहिल्यात, तर तो अपराध होत नाही. गुरुजींची वाक्ये त्यांच्या हयातीत कोणी स्वतःच्या नावाने छापली असती, तर तो अपराध ठरला असता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकाची कल्पना ‘नई दिल्ली’ या चित्रपटात वापरली गेली, अशी त्यांची तक्रार होती. दोन्हींत प्रांतीय संकुचितपणा हा विषय होता. परंतु विषय, कल्पना किंवा कथानकाचे सूत्र यांवर प्रताधिकार नसतो. मांडणीचे ठळक अनुकरण झाले असेल तरच भंग होतो, असे न्यायालयाने ठरविले आणि आनंद यांचा दावा मान्य झाला नाही. निर्णय त्यांच्यासाठी कटू होता. पण कल्पना कोणाची खासगी मालमत्ता ठरली, तर तिच्यावर दुसऱ्या कोणाला कधीच लिहिता येणार नाही, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

४.६ अनुवादक गुरुजी : दुसऱ्याच्या अंगणातून आणलेले

आता थोडे मागे जाऊ. १९३० च्या कारावासात गुरुजींना तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात पाठविण्यात आले होते. तेथे अन्य प्रांतांतील सत्याग्रही भेटले आणि त्यांच्या भाषांची ओढ लागली. तमिळ भाषेतील ‘कुरल’ या प्राचीन ग्रंथाचा त्यांनी पुढे मराठीत अनुवाद केला. तिरुवळ्ळुवरांचा हा ग्रंथ इतका जुना आहे की, त्यासाठी परवानगी मागावी असा कोणीही शिल्लक नव्हता. जुने साहित्य मोकळे असते, म्हणूनच नवा लेखक त्याच्याकडे निःशंकपणे जाऊ शकतो.

कलेची मीमांसा करणारा टॉलस्टॉयचा ग्रंथही त्यांनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणला. टॉलस्टॉयचे उदाहरण येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १८८१ नंतरच्या आपल्या लेखनावरील हक्क आपण सोडत आहोत, असे त्याने १८९१ मध्ये जाहीर केले. कोणीही ते छापावे, कोणीही भाषांतरित करावे. वाचकांनी त्याला संत मानले. त्याच्या घरात मात्र या निर्णयाने कलह माजला. कारण मोठ्या कुटुंबाचा खर्च त्याच्या पत्नीला पाहावा लागत होता. एकाच्या त्यागाची किंमत पुष्कळदा दुसऱ्या कोणाला तरी चुकवावी लागते, हे आपण विसरू नये.

अनुवादाचा मार्ग गुरुजींनी शेवटपर्यंत सोडला नाही. भारतातील भाषांनी एकमेकींचे साहित्य जाणावे, यासाठी त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. कायद्याच्या दृष्टीने अनुवाद हे दुहेरी स्वरूपाचे लेखन आहे. मूळ ग्रंथाचा हक्क जिवंत असेल, तर अनुवादासाठी अनुमती लागते. आणि झालेल्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क निर्माण होतो. म्हणजे मूळ ‘कुरल’ सर्वांचे असले, तरी गुरुजींचे मराठी ‘कुरल’ त्या काळात गुरुजींचे होते.

४.७ हक्क देणे आणि हक्क घेणे

‘श्यामची आई’ पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने प्रकाशित केली आणि तिचे हक्क गुरुजींनी या संस्थेला दिले. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी १९०९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पुढे पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखली जाऊ लागली. आईच्या आठवणींचे पुस्तक आईवडिलांवाचून शिकणाऱ्या मुलांच्या संस्थेकडे गेले, यात एक औचित्य आहे. ज्याला स्वतःच्या विद्यार्थिदशेत अन्नाची भ्रांत पडली होती, त्याने आपल्या लेखनाचे फळ तशाच विद्यार्थ्यांच्या पदरात टाकले.

येथे एक धोका मी तुमच्या नजरेस आणून देऊ इच्छितो. गेली अनेक वर्षे मी भाषेचे अध्यापन करतो आहे आणि साहित्यविषयक सभांतून एक युक्तिवाद वारंवार ऐकतो. गुरुजींनी पैशाचा विचार केला नाही. मग आजच्या लेखकाने मानधन का मागावे, असा तो युक्तिवाद असतो. तरुणपणी मलाही तो पटत असे. एका ठिकाणी भाषांतराचे मोठे काम मी लेखी कराराविना आणि मोबदल्याविना करून दिले. ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर माझे नावही नव्हते. पैसे न मिळाल्याचे दुःख लवकर ओसरले. नाव नसल्याचे आजही ओसरलेले नाही. त्यानंतर मला कळले की, दान हे देणाऱ्याने ठरवायचे असते. घेणाऱ्याने ते गृहीत धरले, तर त्याला दान म्हणता येत नाही.

गुरुजींना आपले हक्क देता आले, कारण कायद्याने ते हक्क आधी त्यांचे मानले होते. जे आपले नाही ते कोणी देऊ शकत नाही. म्हणून प्रताधिकाराचा कायदा उदारतेच्या आड येतो, हे म्हणणे बरोबर नाही. उदारतेला लागणारा आधार तोच पुरवितो.

आजच्या कायद्याने या बाबतीत लेखकाला अधिक सावध केले आहे. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. किती काळासाठी हक्क दिला हे करारात लिहिलेले नसेल, तर १९९४ च्या दुरुस्तीनुसार तो पाच वर्षांपुरता दिला असे मानले जाते. चित्रपटासाठी गीते वा संगीत रचणाऱ्यांना त्यांच्या कृतीच्या वापरातील स्वामित्वधनाचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीने राखून ठेवला आहे. आणि हक्क विकून टाकल्यावरही लेखकाकडे एक गोष्ट उरते : ही कृती माझी आहे असे सांगण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा विशेषाधिकार. अभंगातील नाममुद्रेची आठवण तुम्हांला येथे व्हावी.

४.८ अखेरचे पर्व आणि त्यानंतरची साठ वर्षे

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे, यासाठी गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले; ते आज पुण्याहून प्रसिद्ध होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःची जीवनयात्रा संपविली.

पुस्तकाचे आयुष्य मात्र चालूच राहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्या चित्रपटाने मिळविले. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंतही ती आई पोहोचली.

१९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क टिकत असे. त्या हिशेबाने गुरुजींचे साहित्य २००० अखेर मोकळे झाले असते. परंतु रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा मुदत वाढविण्याची मागणी झाली आणि ती ६० वर्षे करण्यात आली. ही गणना मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून होते. म्हणून गुरुजींच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क ३१ डिसेंबर २०१० रोजी संपले. बंगालमधील एका कवीसाठी घेतलेल्या निर्णयाने कोकणातल्या या आईला आणखी दहा वर्षे थांबविले. मुदत किती असावी, याबद्दल तुमचे मत वेगळे असू शकते. मुदत असावी, याबद्दल मात्र दुमत होण्याचे कारण नाही. कारण न संपणारा हक्क हा विद्येला उत्तेजन देणारा राहत नाही, तो तिच्यावरचा कर होतो.

४.९ समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. ‘श्यामची आई’ कोणाची? तिच्यातील भाषा पूर्वीपासूनच सर्वांची होती. तिची शब्दरचना गुरुजींची होती. ती त्यांनी एका संस्थेला दिली आणि कालांतराने कायद्याने ती तुमच्या-माझ्या स्वाधीन केली. प्रताधिकार हा असा प्रवास घडविण्यासाठी आहे. लेखकाला जगविणे हा त्याचा पहिला मुक्काम आणि समाजाला समृद्ध करणे हा अखेरचा.

मालकीबरोबर जबाबदारीही येते. हक्क संपल्यावर कोणीही पुस्तक छापू शकतो. तसेच त्यात काटछाट करू शकतो, जुनी रूपे बदलू शकतो, संक्षिप्त आवृत्तीवर संपूर्ण असे लिहू शकतो. अशा वेळी मूळ पाठाचे राखण कोणी करायचे? आतापर्यंत ती जबाबदारी प्रामुख्याने हक्कधारकाची होती. १ जानेवारी २०११ पासून ती वाचकांची, म्हणजे तुमचीही आहे. घरातील जुनी प्रत रद्दीत घालण्यापूर्वी ती नव्या प्रतीशी ताडून पाहा. भाषेच्या अभ्यासकाचे काम तेथूनच सुरू होते.

स्वाध्याय

१. ‘गीता प्रवचने’ या ग्रंथाच्या संदर्भात वक्ता आणि लेखनिक यांच्या कर्तृत्वाची चर्चा करा.
२. कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील भेद तुमच्या वाचनातील एका मराठी कृतीच्या आधारे स्पष्ट करा.
३. हक्क सोडणारा लेखक आणि मोबदला मागणारा लेखक, या दोघांनाही कायद्याची गरज का असते, ते १५० शब्दांत लिहा.
४. ‘श्यामची आई’च्या कोणत्याही दोन आवृत्त्यांतील एका प्रकरणाचा पाठ ताडून पाहा आणि आढळलेले फरक नोंदवा.